जर्मनीत मास्टर्स: आधी अभ्यासक्रम, मग खोली, मग विद्यापीठाचं नाव

जर्मनीत शिकायला यायचं ठरवलेली मुलं जवळपास एकच प्रश्न विचारतात: "म्युनिक घेऊ की बर्लिन? रँकिंग कुणाचं वरचं?" मी त्यांना उलट विचारते की तुझ्या पदवीचे विषय त्या अभ्यासक्रमाच्या अटीत बसतात का, आणि ऑक्टोबरात वर्ग सुरू होतील तेव्हा राहणार कुठे? बहुतेकांनी यातलं काहीच तपासलेलं नसतं.

आपल्याकडे आयआयटी आणि एखादं नवं खासगी कॉलेज यांत जी दरी असते, तशी दरी जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांमध्ये नसते. पदवीला मान सगळीकडे आहे. फरक पडतो तो विषयाच्या मांडणीनं, शहरातल्या घरभाड्यानं आणि आसपास काम मिळतं की नाही यानं. म्हणून हा लेख त्याच क्रमानं लिहिलाय. तो मुख्यतः मास्टर्सला येणाऱ्यांसाठी आहे. बारावीनंतर येऊ पाहणाऱ्यांसाठी एवढंच, की नुसत्या बारावीवर थेट प्रवेश मिळत नाही. जेईई अॅडव्हान्स्ड पास असाल किंवा भारतात पदवीचं पहिलं वर्ष यशस्वीपणे पूर्ण केलं असेल, तर संबंधित विषयांना दार उघडतं. नाहीतर वर्षभराचं 'श्टुडिएनकोलेग', म्हणजे पूर्वतयारीचं वर्ष, आणि त्याची परीक्षा.

पायरी १: आपण कुठे बसतो ते आधी बघा

डाड या सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर इंग्रजीत शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांची मोठी यादी आहे. 'होखशूलकोम्पास' नावाच्या दुसऱ्या शोधयादीत जर्मन भाषेतलेही सापडतात. तिथे शहर किंवा विद्यापीठ टाकून शोधू नका, विषय टाका. मग निघालेल्या प्रत्येक अभ्यासक्रमाचं पान उघडून प्रवेशाच्या अटींचा मूळ दस्तऐवज शोधा. तो बऱ्याचदा फक्त जर्मनमध्ये असतो. भाषांतर यंत्रात टाका, पण वाचाच.

त्यात साधारण असं लिहिलेलं सापडतं: गणिताचे इतके क्रेडिट, थिअरॉटिकल कम्प्युटर सायन्सचे इतके, प्रोग्रॅमिंगचे इतके. हे क्रेडिट युरोपीय पद्धतीचे, म्हणजे ईसीटीएस. एक क्रेडिट म्हणजे पंचवीस ते तीस तासांचं एकूण काम. आपल्या चार वर्षांच्या बी.ई.चे सगळे क्रेडिट मिळून २४० ईसीटीएस धरले, तर एका विषयाच्या वाट्याला किती येतात याचा ढोबळ अंदाज काढता येतो. विद्यापीठ स्वतःच्या पद्धतीनं मोजेल, पण आपण जवळपास आहोत की कोसभर लांब, एवढं यातून कळतं.

एक कागद घ्या. डावीकडे त्यांची अट, उजवीकडे आपल्या मार्कशीटवरचा विषय आणि क्रेडिट. मेकॅनिकलचा मुलगा कम्प्युटर सायन्सच्या मास्टर्सला अर्ज करतो तेव्हा उजवीकडचा रकाना निम्मा रिकामा राहतो. दोन वर्षांचा आयटी कंपनीतला अनुभव तो रकाना भरत नाही, ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रंही सहसा भरत नाहीत. हे पचायला जड जातं, कारण आपल्याकडे कंपन्या कुठल्याही शाखेचा इंजिनिअर घेतात. जर्मनीतला प्रवेश विभाग तसा विचार करत नाही. त्याला विषयाला विषय जुळलेला हवा असतो.

तीन वर्षांच्या बी.एससी. किंवा बी.कॉम.वाल्यांनी ही तपासणी आणखी काटेकोरपणे करावी. काही अभ्यासक्रमांना तीन वर्षांची पदवी चालते, काही स्पष्ट नाही म्हणतात. आपलं विद्यापीठ जर्मनीत मान्य आहे का, हे 'आनाबिन' या त्यांच्या सरकारी यादीत दिसतं. नावासमोर एच प्लस असेल तर काळजी नाही.

गुणांचंही गणित करून टाका. जर्मनीत १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. रूपांतराला 'सुधारित बव्हेरियन सूत्र' वापरतात: कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला कमाल आणि पासिंग यांच्या फरकानं भागा, तीननं गुणा आणि एक मिळवा. समजा सीजीपीए ८.२ आहे, कमाल १० आणि पासिंग ४. तर १.८ भागिले ६ म्हणजे ०.३, गुणिले ३ म्हणजे ०.९, अधिक १. आला १.९. ज्या अभ्यासक्रमाला २.५ची मर्यादा आहे तिथे आपण आरामात आहोत. जागा मोजक्या आणि अर्ज ढिगानं असतील, तर मात्र १.९लाही वाट बघावी लागते.

एवढी चाळणी लावली की चाळीसेक नावांची यादी दहा-बारांवर येते. शहराचा विचार इथून पुढे.

पायरी २: विद्यापीठाचा पत्ता बघा, नाव नव्हे

जर्मनीतली बरीच जुनी विद्यापीठं शहरात विखुरलेली आहेत. एक विभाग स्टेशनजवळ, दुसरा नदीपलीकडे, तिसरा पार गावाबाहेर. फाटकातून आत शिरल्यावर सगळं एका आवारात, हे चित्र बोखुम, बिलेफेल्ड, कोन्स्टान्झसारख्या साठच्या दशकातल्या विद्यापीठांत दिसतं, बाकी ठिकाणी क्वचित.

बर्लिनचंच घ्या. हुम्बोल्ट विद्यापीठाची मुख्य इमारत उंटर डेन लिंडेन या मध्यवर्ती रस्त्यावर आहे, पण भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, संगणक हे सगळं आडलर्सहोफला, शहराच्या आग्नेय टोकाला. टेक्निकल युनिव्हर्सिटी शार्लोटेनबुर्गमध्ये, आणि १९४८ साली अमेरिकी ताब्यातल्या भागात उभी राहिलेली फ्री युनिव्हर्सिटी नैर्ऋत्येला, डालेमच्या बंगल्यांच्या वस्तीत. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला आल्या त्या याच डालेममधल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत संशोधन करायला. पदवी मात्र उंटर डेन लिंडेनवरच्या विद्यापीठाची. ती डालेमची इमारत आज फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे. म्हणजे ही दोन टोकांची कसरत मराठी माणसाला शंभरेक वर्षांपासून ठाऊक आहे.

म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीचे संगणक, भौतिकशास्त्र, मेकॅनिकल हे विभाग गार्शिंगला आहेत, यू-सिक्स मेट्रोनं शहराबाहेर. शेती आणि अन्नशास्त्र वाइहेनश्टेफानला. आणि याच विद्यापीठाचं एक आवार हाइलब्रोनला आहे, जे म्युनिकमध्ये तर नाहीच, म्युनिकच्या बव्हेरिया राज्यातही नाही. ऑफर लेटर वाचून "म्युनिकला चाललो" म्हणून गावभर पेढे वाटण्याआधी शिकवण्याचं ठिकाण नेमकं कोणतं लिहिलंय ते बघा. हाइलब्रोन वाईट नाही, घर तिथे तुलनेनं स्वस्तच पडतं, पण आपण कुठे निघालोय हे माहीत असलेलं बरं. कार्ल्सरूहच्या केआयटी या तांत्रिक विद्यापीठाचं एक आवार शहरात आणि दुसरं उत्तरेला जंगलाच्या कडेला. श्टुटगार्टचे बहुतेक तांत्रिक विभाग फाइहिंगेनला, पण मुख्य स्टेशनवरून एस-बान, म्हणजे तिथली लोकल, दहाएक मिनिटांत पोचवते, त्यामुळे तिथे चिंता नाही.

विभागाचा पत्ता नकाशावर टाका आणि सकाळी आठच्या लेक्चरला किती वेळ लागतो ते बघा. हे करायला पाच मिनिटं लागतात.

पायरी ३: महिन्याचे ९९२ युरो कुठे किती पुरतात

व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा लागू आहे. रुपयांत बारा लाखांच्या आसपास. जर्मनीत पोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो आपल्या हातात येतात. एकरकमी काढता येत नाहीत.

आता म्युनिक. वेगे, म्हणजे इतरांबरोबर वाटून घेतलेल्या फ्लॅटमधली एक खोली, ८०० युरोंच्या आसपास. विद्यार्थ्यांचा सरकारी आरोग्यविमा साधारण १५०. ९९२ मधून ९५० गेले. उरलेल्या ४२ युरोंत प्रवास, जेवण, मोबाइल. पूर्व जर्मनीतल्या खेम्निट्स या शहरात तशीच खोली तीनशेच्या आत-बाहेर मिळते. विमा तोच. हातात पाचशेहून जास्त राहतात. पदवी दोन्हीकडे सरकारी विद्यापीठाची.

खेम्निट्स हे नाव ऐकून घरच्यांचा चेहरा उतरतो हे मला माहीत आहे. १९५३ ते १९९० या काळात त्याचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं, आणि शहराच्या मध्यभागी मार्क्सचं अवाढव्य डोकं अजूनही आहे. २०२५ साली ते युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत भारतीय विद्यार्थी भरपूर आहेत, त्यात मराठी बोलणारे सापडतातच. पूर्वेकडची राज्यं म्हटल्यावर पालक सुरक्षिततेचं विचारतात, आणि तो प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. परदेशी लोकांविरुद्धचं राजकारण तिथे जोरात आहे. २०२४ च्या शेजारच्या थुरिंगिया राज्याच्या निवडणुकीत एएफडी हा स्थलांतरविरोधी पक्ष पहिल्या क्रमांकावर आला. रोजचं जगणं कसं आहे हे तिथे सध्या शिकणाऱ्या दोघा-तिघांना, त्यातही एखाद्या मुलीला, थेट विचारा. बातम्यांवरूनही ठरवू नका आणि माझ्यावरूनही.

शिक्षणशुल्काचं गणित राज्यागणिक बदलतं. बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठाला शुल्क नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी. ती साधारण शे-सव्वाशेपासून साडेतीनशे युरोंपर्यंत, काही ठिकाणी त्याहून जास्त असते आणि अनेक ठिकाणी तिच्यातच प्रवासाचं तिकीट येतं. अपवाद दोन लक्षात ठेवा. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ च्या हिवाळी सेमिस्टरपासून दर सेमिस्टरला १,५०० युरो घेतं. श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबेर्ग, फ्रायबुर्ग ही सगळी त्यात आली. आणि म्युनिकची टेक्निकल युनिव्हर्सिटी २०२४ च्या हिवाळ्यापासून मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० किंवा ६,००० युरो घेते. जुने व्हिडिओ बघून "जर्मनीत शिक्षण फुकट" हे डोक्यात बसलेलं असेल, तर ते या दोन ठिकाणी तरी काढून टाका.

प्रवासाची सोय मात्र उत्तम. देशभर लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालणारं डॉइचलांड-तिकीट मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालं, २०२६ पासून ते ६३ आहे. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांना ते साठ टक्के किमतीत मिळतं. जलद आयसीई गाड्यांना चालत नाही. या तिकिटामुळे शेजारच्या स्वस्त गावात राहून येणं-जाणं जमू शकतं: लाइपझिगसाठी हाले, बर्लिनसाठी पोट्सडामच्या पलीकडची गावं. फक्त ध्यानात असू द्या, व्हिसा वाढवायचं परदेशी नागरिक कार्यालय आपण राहतो त्या गावाचं लागतं, विद्यापीठाच्या गावाचं नाही.

पायरी ४: खोली

या पायरीवर सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

विद्यार्थी वसतिगृहं विद्यापीठाची नसतात. ती 'श्टुडिरेंडेनवेर्क' नावाच्या वेगळ्या संस्थेची असतात. तीच कँटीनही चालवते. अर्ज तिथे वेगळा करायचा. काही शहरांत प्रवेशपत्र नसतानाही प्रतीक्षायादीत नाव घालता येतं, काही ठिकाणी प्रवेशपत्र हातात आल्यावरच. विद्यापीठाला अर्ज केला त्याच दिवशी त्या शहराच्या श्टुडिरेंडेनवेर्कचं पान उघडून नियम बघा. म्युनिकसारख्या ठिकाणी सेमिस्टर-दोन सेमिस्टर थांबणं ही सामान्य गोष्ट आहे. छोट्या शहरांत पहिल्याच महिन्यात खोली मिळाल्याचंही ऐकायला मिळतं. माझ्या मते कुठल्याही रँकिंगपेक्षा ही प्रतीक्षायादी विद्यापीठाबद्दल जास्त सांगते. निदान आपल्या पहिल्या हिवाळ्याबद्दल तरी.

वसतिगृह नाही मिळालं तर वेगे. त्याच्या जाहिरातींची संकेतस्थळं आहेत, आणि तिथे खोली मिळवणं हे जवळजवळ स्थळ बघण्यासारखं असतं. आधी राहणारे तिघं-चौघं तुम्हाला व्हिडिओ कॉलवर बघतात, काय शिकतोस, स्वयंपाक करतोस का, रात्री उशिरा फोनवर बोलतोस का, असं विचारतात. 'डियर सर, आय अॅम इंटरेस्टेड इन युवर रूम' असा एकच मेसेज पन्नास जणांना पाठवला तर पन्नासही जण उत्तर देत नाहीत. जाहिरात नीट वाचा, तिच्यातल्या एखाद्या गोष्टीचा उल्लेख करा, चार ओळी जर्मनमध्ये लिहा. मांजर आहे म्हणाले असतील, तर मांजराबद्दल लिहा. काही जण जाहिरातीत मुद्दाम एखादा शब्द दडवतात आणि तो मेसेजमध्ये आला नाही तर पुढे वाचतच नाहीत.

भाडं बघताना 'काल्टमिटे' आणि 'वार्ममिटे' हे दोन आकडे असतात. पहिलं नुसतं जागेचं, दुसऱ्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरलेलं. वीज आणि इंटरनेट कधी आत, कधी बाहेर. तुलना नेहमी वार्ममिटेचीच करा. शिवाय घरटी रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी महिना १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो. ती फ्लॅटमधले सगळे वाटून घेतात. अनामत कायद्यानं तीन काल्टमिटेपेक्षा जास्त घेता येत नाही. स्वतंत्र फ्लॅट भाड्यानं घ्यायच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका. 'शुफा' नावाचा पतअहवाल मागतात, जो नव्या माणसाकडे नसतो, आणि बरेच रिकामे फ्लॅट खरोखरच रिकामे असतात, म्हणजे ओटा आणि सिंकसुद्धा नाही.

घरमालकाला पहिला प्रश्न विचारायचा तो "आनमेल्डुंग होईल का?" हा. आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद. नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत करायची असा कायदा आहे आणि त्यासाठी घर देणाऱ्याची सही असलेला फॉर्म लागतो. ही नोंद झाली नाही की कर क्रमांक येत नाही, निवास परवान्याचा अर्ज अडतो, काही बँका खातं उघडत नाहीत, आणि खातं नसलं की ते ९९२ युरो आपलेच असूनही हाती येत नाहीत. "राहा, पण नोंद नको" असं म्हणणारी स्वस्त खोली महिनाभराच्या टेकूपुरती ठीक, त्याहून जास्त नाही. बर्लिनमध्ये तर नोंदणीची अपॉइंटमेंट मिळवणं हेच एक काम असतं. सकाळी लवकर संकेतस्थळ उघडून बसा, शहराच्या कुठल्याही भागातलं कार्यालय चालतं.

आणि फसवणूक. तिचा साचा ठरलेला आहे. मध्यवर्ती भागातला चकचकीत फ्लॅट, भाडं निम्मं, मालक "सध्या लंडनला", किल्ली कुरिअरनं येणार, त्याआधी अनामत आणि पहिला महिना पाठवा. पुरावा म्हणून तो स्वतःच्या पासपोर्टचा फोटोही पाठवतो, जो दुसऱ्याच कुणाकडून उकळलेला असतो. स्वतः किंवा ओळखीच्या माणसानं जागा बघितल्याशिवाय आणि करारावर सह्या झाल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. ओळखीचं कुणी नसेल तर त्या शहरातल्या मराठी मंडळाच्या किंवा भारतीय विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर विचारा. "कुणी जाऊन बघून येईल का?" या विनंतीला सहसा कुणीतरी हो म्हणतंच.

पायरी ५: काम आणि भाषा

विद्यार्थी व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. मार्च २०२४ पूर्वी ही मर्यादा १२० आणि २४० होती. किमान वेतन २०२६ पासून ताशी १३.९० युरो. पण गोदामातलं किंवा हॉटेलातलं काम वेगळं आणि 'वेर्कश्टुडेंट' म्हणून आपल्या विषयातलं काम वेगळं. दुसऱ्यातूनच पुढची नोकरी मिळते, म्हणून शहराच्या आसपास कोणता उद्योग आहे ते बघा.

ड्रेस्डेनला सेमीकंडक्टर: इन्फिनिऑन, बॉश, ग्लोबलफाउंड्रीज, आणि २०२४ पासून बांधकाम सुरू असलेला तैवानच्या टीएसएमसीच्या भागीदारीतला कारखाना. येनाला त्साइस आणि शॉट, म्हणजे भिंगं आणि काच. डार्मश्टाटला युरोपीय अंतराळ संस्थेचं नियंत्रण केंद्र. हांबुर्गला एअरबस. फ्रांकफुर्टला बँका. श्टुटगार्ट आपल्याला जवळचं वाटतं. नाशिककर ज्या कारखान्याला अजून 'मायको' म्हणतात त्या बॉशचं मूळ तिथलं, चाकणच्या मर्सिडीझचंही. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. पण सध्या गाडीउद्योग कपातीच्या फेऱ्यात आहे. फोक्सवागननंच २०२४ च्या डिसेंबरात, २०३० पर्यंत पस्तीस हजारांहून जास्त पदं कमी करण्याचा समझोता केला. नुसतं 'ऑटोमोटिव्ह' या शब्दावर शहर निवडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी शहर इंग्रजीत नसतं. बर्लिनच्या स्टार्टअपमध्ये इंग्रजीवर निभावतं, मध्यम आकाराच्या इंजिनिअरिंग कंपनीत जर्मनची बी-वन-बी-टू ही मधली पातळी मागतात, आणि नोंदणी कार्यालयातली बाई बहुधा जर्मनच बोलते. अकरावी-बारावीला मार्कांसाठी घेतलेलं जर्मन इथे उपयोगी पडत नाही, कारण त्यात बोलायची वेळच आलेली नसते. निघायच्या आधी किमान ए-टू, म्हणजे सुरुवातीची दुसरी पातळी, करून या. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि बोट क्लब रोडवरचं मॅक्सम्यूलर भवन आहे, मुंबईतही मॅक्सम्यूलर भवन आहे. अर्ज पाठवून उत्तराची वाट बघायचे चार-पाच महिने यासाठीच आहेत असं समजा.

शाकाहारी असाल तर बर्लिन सोपं. फ्री युनिव्हर्सिटीत २०१० पासून पूर्ण शाकाहारी कँटीन आहे. इतर शहरांतही रोज एखादा शाकाहारी पदार्थ असतो, फक्त तो सलग पाच दिवस बटाट्याचा असू शकतो.

पायरी ६: खासगी विद्यापीठ आणि एजंट

सरकारी विद्यापीठ एजंटला सहसा कमिशन देत नाही, खासगी देतं. एफसी रोडवरच्या चकचकीत ऑफिसात तुम्हाला "बर्लिनमध्ये, आयईएल्टीएसशिवाय, खात्रीचा प्रवेश" मिळतोय, त्याचं कारण यात दडलेलं असू शकतं. खासगी सगळीच वाईट नसतात. राज्यमान्यता आहे का, शुल्क वर्षाला किती, वर्ग प्रत्यक्ष भरतात की बरेचसे ऑनलाइन, हे लेखी विचारा. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी राहण्याचा व्हिसा मिळत नाही. एजंटनं अर्ज भरला तरी ईमेल आणि पासवर्ड आपल्याकडेच ठेवा.

पायरी ७: यादी आणि कागद

सात-आठ अभ्यासक्रमांची यादी पुरते. त्यातली दोन जरा आवाक्याबाहेरची, दोन खात्रीची, बाकी मधली. बऱ्याच विद्यापीठांचे अर्ज 'युनि-असिस्ट' या सामायिक संस्थेमार्फत जातात: पहिल्याला ७५ युरो, त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३०. हिवाळी सेमिस्टरसाठी १५ जुलै ही नेहमीची तारीख सांगितली जाते, पण इंग्रजी मास्टर्सच्या तारखा अनेकदा मार्च ते मे मध्येच संपतात. व्हिसाला लागणारा वेळ धरला तर लवकरच्या तारखा आपल्या फायद्याच्याच.

शिष्यवृत्तीवर येणाऱ्यांनी मात्र रँकिंग बघायलाच हवं. महाराष्ट्र शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांत जागतिक क्रमवारीची अट असते. त्या वर्षीची जाहिरात आधी वाचा आणि यादी त्यानुसार करा.

नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागद तपासल्याचा दाखला, सक्तीचं आहे. शुल्क १८,००० रुपये. ते यायला आठवडे लागतात, तेव्हा पहिला अर्ज याचाच. इथे आपल्या मुलांची एक खास अडचण होते. मार्कशीटवर नाव असतं 'पाटील स्नेहल राजेंद्र' आणि खाली आईचं नाव. पासपोर्टवर 'स्नेहल राजेंद्र' हे नाव आणि 'पाटील' हे आडनाव. इंग्रजी कसोटीच्या निकालावर फक्त 'स्नेहल पाटील'. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही, जर्मन कारकुनाला या तीन वेगळ्या व्यक्ती वाटू शकतात. सगळ्या अर्जांत पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं लिहा, आणि स्पेलिंगमध्ये फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. ट्रान्स्क्रिप्टसाठी विद्यापीठाच्या खिडकीवर खेपा घालाव्या लागणार हे गृहीत धरा, आणि विषयांचा सविस्तर अभ्यासक्रमही शिक्क्यासह घ्या. पायरी एकमधला कागद सिद्ध करायला तोच लागतो.

पायरी ८: दोन ऑफर आल्या तर

दोन्ही अभ्यासक्रमांचं मॉड्यूल हँडबुक, म्हणजे विषयांची माहितीपुस्तिका, शेजारी ठेवा. सक्तीचे विषय किती, निवडीचे किती, प्रबंध कंपनीत करता येतो का, आणि परीक्षेच्या किती संधी मिळतात ते बघा. बऱ्याच ठिकाणी तीन. सक्तीचा विषय शेवटच्या संधीतही गेला तर नाव कमी होतं आणि तो अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही सहसा पुढे चालू ठेवता येत नाही. एटीकेटी घेत पुढे सरकायची आपली सवय इथे महागात पडते.

मग दोन्ही विभागांच्या समन्वयकांना छोटा ईमेल लिहा: व्हिसा उशिरा मिळाला तर कोणत्या तारखेपर्यंत नावनोंदणी चालेल? वर्ग ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात आणि व्हिसा कधी कधी त्याच आठवड्यात हाती पडतो. एका विद्यापीठाचं उत्तर येईल "पहिल्या दिवशी हजर हवं", दुसऱ्याचं "नोव्हेंबरपर्यंत थांबू". हे उत्तर आणि श्टुडिरेंडेनवेर्कच्या प्रतीक्षायादीतला आपला क्रमांक, या दोन गोष्टी हातात आल्या की कुठल्या ऑफरला हो म्हणायचं ते ठरवा. नाही म्हणायच्या ऑफरला त्याच दिवशी नाही कळवा, त्या जागेसाठी दुसरं कुणीतरी थांबलेलं असतं.